सिम्युलेटेड फुटबॉल लीगमधील सर्वोत्तम रनिंग बॅकची क्रमवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लीगमध्ये अमेरिकन फुटबॉलचे गाजलेले हंगाम कार्डे आणि फासे वापरून पुन्हा खेळले जातात. काही सभासद पुण्यात राहतात, काही अमेरिकेत. दर वर्षी खेळाडूंची निवड होण्यापूर्वी रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या खेळाडूंची (धावकांची), क्रमवारी तयार करण्याचे काम माझ्याकडे असते, आणि दर वर्षी त्याच त्या शंका नव्याने विचारल्या जातात. त्यांची उत्तरे एकत्र मिळावीत म्हणून हे पान लिहिले आहे.

सिम्युलेटेड लीग आणि फँटसी लीग यांत फरक काय?

फँटसी लीगमध्ये आपण चालू हंगामातला खेळाडू निवडतो आणि रविवारी तो मैदानावर जे करील त्याचे गुण आपल्याला मिळतात. खेळ तिकडे होतो, हिशेब इकडे होतो. सिम्युलेटेड लीगमध्ये सामना आपण स्वतः खेळतो. खेळाडूच्या एखाद्या हंगामाची आकडेवारी कार्डावर किंवा संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये उतरवलेली असते, आणि प्रत्येक डावपेचाचा निकाल फाशांवरून किंवा यादृच्छिक आकड्यांवरून ठरतो. त्यामुळे १९६३ सालचा जिम ब्राउन आणि २०२४ सालचा सॅक्वॉन बार्कली एकाच मैदानात उतरू शकतात.

क्रमवारीच्या दृष्टीने यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपण माणसाला क्रमांक देत नाही, त्याच्या एका हंगामाला देतो. कारकिर्दीत १८,३५५ यार्ड धावून विक्रम करणारा एमिट स्मिथ निःसंशय थोर खेळाडू आहे; परंतु त्या यार्डांमागे पंधरा हंगामांचे सातत्य आहे, आणि कार्ड मात्र एकाच हंगामाचे असते.

मग हंगामातील एकूण यार्ड पाहून क्रम का लावत नाही?

कारण एकूण यार्डांत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : धावकाने किती सामने खेळले, त्याला किती वेळा चेंडू दिला गेला, आणि चेंडू मिळाल्यावर त्याने काय केले. आपल्याला हवी असते ती फक्त तिसरी गोष्ट.

एरिक डिकरसनने १९८४ साली २,१०५ यार्ड केले आणि एका हंगामातील सर्वाधिक यार्डांचा तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. त्याने मागे टाकलेला विक्रम ओ. जे. सिम्पसनचा होता, १९७३ सालच्या २,००३ यार्डांचा. परंतु सिम्पसनच्या वेळी हंगाम १४ सामन्यांचा होता, तर १९७८ पासून तो १६ सामन्यांचा झाला (आणि २०२१ पासून १७ चा). चौदा सामन्यांअखेर डिकरसनच्या खात्यात १,७९२ यार्ड होते. पंधराव्या सामन्यात २१५ यार्ड करून त्याने सिम्पसनला गाठले आणि ओलांडले. सामन्यामागे हिशेब केला, तर सिम्पसनचे १४३ यार्ड होतात आणि डिकरसनचे सुमारे १३२. विक्रमाच्या पुस्तकात डिकरसन वर आहे आणि तेथे ते योग्यच आहे, पण आमच्या लीगमध्ये दोघांचे संघ सारखेच सामने खेळणार असतात.

अपुऱ्या हंगामांत हा घोटाळा आणखी वाढतो. संपामुळे १९८२ चा हंगाम ९ सामन्यांचा झाला आणि त्या वर्षी सर्वाधिक यार्ड करणाऱ्या फ्रीमन मॅकनीलच्या नावावर ७८६ यार्ड लागले. एकूण यार्डांच्या यादीत तो कोठेच दिसत नाही.

क्रमवारीसाठी तुम्ही नेमके काय मोजता?

आम्ही वाढावा मोजतो. चेंडू घेऊन केलेल्या एका धावेला, म्हणजे एका कॅरीला, साधारण धावक ४.२ यार्ड मिळवील असे आम्ही धरतो. दीर्घकाळ व्यावसायिक फुटबॉलमधील सरासरी या आकड्याच्या आसपासच राहिलेली आहे. धावकाने प्रत्यक्ष मिळवलेल्या यार्डांतून त्याच्या कॅरींना ४.२ ने गुणून येणारा आकडा वजा केला की, साधारण माणसापेक्षा त्याने संघाला किती जास्त दिले ते समजते. झेललेल्या चेंडूंसाठी याच रीतीने प्रत्येक झेलामागे ७ यार्ड वजा करतो. हा ७ चा आकडा आम्ही चर्चा करून ठरवलेला आहे. त्यात थोडा बदल केल्यास खालचे क्रम हलतात, वरचे फारसे हलत नाहीत. शेवटी दोन्ही वाढावे एकत्र करून सामन्यांच्या संख्येने भागतो.

उदाहरण म्हणून जिम ब्राउनचा १९६३ चा हंगाम घ्यावा. त्याने १४ सामन्यांत २९१ कॅरींमध्ये १,८६३ यार्ड केले. २९१ ला ४.२ ने गुणले तर १,२२२ येतात, म्हणजे धावण्यातील वाढावा ६४१ यार्ड झाला. शिवाय त्याने २४ चेंडू झेलून २६८ यार्ड मिळवले; त्यातून १६८ वजा जाता १०० उरतात. एकूण ७४१, आणि १४ ने भागल्यावर सामन्यामागे जवळजवळ ५३ यार्ड. ज्या संघाकडे ब्राउन आहे, तो संघ साधारण धावक असलेल्या संघापेक्षा प्रत्येक सामन्यात निम्मे मैदान आयते घेऊन उतरतो. मी आजवर तपासलेल्या हंगामांमध्ये याच्या वर काहीही आलेले नाही.

याच पद्धतीने मार्शल फॉकचा १९९९ चा हंगाम ४७ च्या थोडा वर येतो, सिम्पसनचा १९७३ चा साडेपंचेचाळीसच्या आसपास, बॅरी सँडर्सचा १९९७ चा ४५, आणि ख्रिस जॉन्सनचा २००९ चा ४१. डिकरसनचा विक्रमी हंगाम ३२ च्याही किंचित खाली राहतो, कारण त्याने ३७९ कॅरी घेतल्या आणि झेलांतून त्याचा वाढावा झालाच नाही.

२०२४ मधला बार्कली वर की हेन्री वर?

अलीकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर काढताना मला एक विलक्षण योगायोग सापडला.

फिलाडेल्फियाच्या सॅक्वॉन बार्कलीने ३४५ कॅरींमध्ये २,००५ यार्ड केले. बॉल्टिमोरच्या डेरिक हेन्रीने ३२५ कॅरींमध्ये १,९२१ केले. पहिल्यासाठी वजावट १,४४९ यार्डांची, दुसऱ्यासाठी १,३६५ ची. दोन्ही वजाबाक्या केल्या की धावण्यातील वाढावा अगदी एकच येतो : ५५६ यार्ड. मी हे गणित तीन वेळा पुन्हा करून पाहिले.

फरक पडतो तो सामन्यांच्या संख्येमुळे. हेन्री १७ सामने खेळला. बार्कलीला डिकरसनचा विक्रम मोडण्यासाठी १०१ यार्ड हवे होते, पण संघाचे बादफेरीतील स्थान निश्चित झालेले असल्यामुळे त्याला शेवटच्या सामन्यात विश्रांती देण्यात आली, आणि त्याचे १६ सामनेच झाले. झेल धरून बार्कलीचा वाढावा सामन्यामागे पावणेअडतीसच्या आसपास जातो आणि हेन्रीचा सव्वाछत्तीसच्या आसपास. दीड यार्डाचा हा फरक इतका लहान आहे की, आपल्या संघाला कोणत्या प्रकारचा धावक हवा यावर निवड करावी. हेन्रीने हे सारे वयाच्या तिसाव्या वर्षी केले, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

चेंडू झेलणाऱ्या धावकांना तुम्ही झुकते माप देता का?

झुकते नाही, योग्य माप देतो. एकाच हंगामात धावून हजार आणि झेलून हजार यार्ड करणारे धावक आजवर तीनच झाले : १९८५ साली रॉजर क्रेग, १९९९ साली मार्शल फॉक आणि २०१९ साली ख्रिश्चन मॅकॅफ्री. परंतु हे तीन हंगाम आमच्या क्रमवारीत शेजारी बसत नाहीत. मॅकॅफ्रीने ११६ चेंडू झेलून १,००५ यार्ड केले, तर फॉकने ८७ झेलांतच १,०४८ केले. एकाला झेलामागे पावणेनऊ यार्डही पडले नाहीत, दुसऱ्याला बारा पडले. फॉकने धावतानाही २५३ कॅरींमध्ये १,३८१ यार्ड केले, म्हणजे कॅरीमागे जवळजवळ साडेपाच.

त्या धावकांपुढची ब्लॉकिंग उत्तम होती, मग श्रेय त्यांना का द्यायचे?

हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि सिम्युलेशनमध्ये तो प्रत्यक्षातल्यापेक्षाही कठीण होतो. कार्डावरचे यार्ड धावकाने आपल्या लाइनमागून, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवून (ब्लॉकिंग करून) वाट मोकळी करणाऱ्या पुढच्या फळीमागून, मिळवलेले असतात. आमच्या खेळात मात्र लाइनचे कार्ड वेगळे असते. उत्तम लाइनमागे कमावलेले कार्ड घेऊन आपण ते पुन्हा उत्तम लाइनमागे उभे केले, तर त्याच ब्लॉकिंगचे फळ दोनदा पदरात पडते.

डेन्व्हरचे उदाहरण घ्यावे. टेरेल डेव्हिसने १९९८ साली २,००८ यार्ड केले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी चौथ्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, आणि ओलँडिस गॅरी या नवख्या धावकाने त्याच्या जागी १,१५९ यार्ड केले. २००० साली माइक अँडरसन या दुसऱ्या नवख्याने १,४८७ केले. २००२ साली क्लिंटन पोर्टिस आला, तोही नवखाच, आणि त्याने १,५०८ केले. प्रशिक्षक माइक शॅनाहन यांची झोन ब्लॉकिंगची पद्धत या काळात तीच राहिली; धावक मात्र बदलत गेले. म्हणून डेव्हिसच्या कार्डावर मी काट मारतो. मात्र बादफेरीतील आठ सामन्यांत १,१४० यार्ड करणारा माणूस केवळ लाइनच्या जिवावर मोठा झाला, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. डेव्हिस असामान्य होताच. प्रश्न इतकाच आहे की, कार्डावर लिहिलेल्या यार्डांपैकी सगळे त्याचे होते का.

याउलट पुरावा सहकाऱ्याकडून मिळतो. कॅन्सस सिटीच्या जमाल चार्ल्सने २०१० साली २३० कॅरींमध्ये १,४६७ यार्ड केले, कॅरीमागे ६.४. त्याच संघात, त्याच लाइनमागे, थॉमस जोन्सला त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे २४५ कॅरी मिळाल्या आणि त्याने ८९६ यार्ड केले, कॅरीमागे ३.७. इतकी स्वच्छ तुलना फार क्वचित मिळते. कबड्डीत एकाच संघाचे दोन चढाईपटू एकाच बचावफळीसमोर जाऊन एक गुण आणतो आणि दुसरा पकडला जातो, तेव्हा आपण मैदानाला दोष देत नाही. तसेच हे आहे.

कमी कॅरींमध्ये मोठी सरासरी असलेला खेळाडू स्वस्तात घ्यावा का?

काळजीपूर्वक घ्यावा. बो जॅक्सनचा १९८७ चा हंगाम पाहा : ७ सामने, ८१ कॅरी, ५५४ यार्ड, सरासरी ६.८. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्यातील एक धाव ९१ यार्डांची होती, नोव्हेंबरअखेरच्या सोमवारी सिएटलविरुद्ध केलेली. ती एक बाजूला ठेवली तर उरलेल्या ८० कॅरींची सरासरी ५.८ वर येते. एका धावेने संपूर्ण हंगामाची सरासरी एका यार्डाने वाढवली. जॅक्सन अलौकिक होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही, १९९१ च्या टेक्मो सुपर बोल या व्हिडिओ गेममध्ये तो अडवता येत नसे हेही अनेकांना आठवत असेल. तरी ८१ कॅरींवर संपूर्ण लीगचा पाया उभारता येत नाही.

याचे साधे गणित असे आहे. कॅरींच्या यार्डांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, ६ धरले, तर १०० कॅरींच्या सरासरीत सुमारे ०.६ यार्डांची अनिश्चितता राहते आणि ३०० कॅरींच्या सरासरीत सुमारे ०.३५ ची. त्यामुळे ५.१ आणि ५.३ असा फरक असलेल्या दोन धावकांमध्ये वरचढ कोण, हे एका हंगामावरून ठामपणे सांगता येत नाही. जेथे मला दोन हंगाम इतके जवळ दिसतात, तेथे मी त्या धावकाचे आधीचे आणि नंतरचे वर्ष पाहतो.

यासंबंधी माझ्याकडून झालेली चूक येथे नोंदवणे आवश्यक आहे. चार्ल्सचे २०१० चे कार्ड प्रथम लीगमध्ये आणले, तेव्हा त्याच्या कॅरींवर मर्यादा घालण्याचे मला सुचले नाही. ज्या सभासदाने तो घेतला, त्याने त्याला प्रत्येक सामन्यात पंचवीस-पंचवीस वेळा चेंडू दिला आणि तो हंगाम इतरांसाठी जवळजवळ निरर्थक झाला. प्रत्यक्षात चार्ल्सला सामन्यामागे चौदाच कॅरी मिळाल्या होत्या. तेव्हापासून नियम असा आहे की, प्रत्यक्ष हंगामातील कॅरींपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कॅरी कोणालाही देता येत नाहीत. त्यापुढच्या प्रत्येक कॅरीला यार्डांत कपात होते.

फाशांच्या खेळात नशीबच चालत असेल, तर क्रमवारीला अर्थ काय?

मी सामने खेळताना फासे स्टीलच्या ताटलीत टाकतो, म्हणजे ते टेबलावरून घरंगळत नाहीत. रविवारी रात्री अमेरिकेतले खरे सामने आपल्याकडे साडेदहाला, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळे मागे गेल्यानंतर साडेअकराला सुरू होतात. त्याआधी जेवणानंतरच्या वेळात आमचा एक सामना होतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सातची बेरीज सहा प्रकारे पडते आणि बाराची एकाच प्रकारे. लांब पल्ल्याची धाव जर बारावर ठेवलेली असेल, तर पंचवीस कॅरींच्या सामन्यात ती निदान एकदा पडण्याची शक्यता सुमारे ५१ टक्के असते. म्हणजे तोच धावक, तेच कार्ड, आणि साधारण निम्म्या सामन्यांत तो मोठी धाव घेतो, निम्म्यांत घेत नाही.

बॅरी सँडर्सचे कार्ड ताटलीशेजारी ठेवले की हे विशेष जाणवते. त्याच्या रकान्यांत तोट्याचे आकडे भरपूर आहेत; उणे दोन, शून्य, उणे तीन असे ओळीने येतात, आणि मग एखाद्या फेकीला ताटलीतले दोन्ही फासे सहा-सहा दाखवतात. प्रत्यक्षातला १९९७ चा हंगामही असाच होता. पहिल्या दोन सामन्यांत त्याचे मिळून ५३ यार्ड झाले, आणि पुढच्या सलग चौदा सामन्यांत प्रत्येक वेळी शंभर ओलांडत त्याने बरोबर २,००० केले. दोन सामन्यांनंतर त्याला कोणी क्रमवारीतून खाली ओढले असते, तर ती केवढी चूक ठरली असती. एका सामन्यात फासे काहीही करतात. सोळा सामन्यांत कार्ड आपले म्हणणे मांडते.

फंबल किती महागात पडतात?

पुष्कळ. चेंडू हातातून सुटून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर आम्ही ती हानी ४० यार्डांची धरतो. सुटलेले सगळेच चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक फंबलमागे २० यार्ड वजा करतो. डिकरसनच्या हातून १९८४ मध्ये १४ फंबल झाले. वाढाव्यातून २८० यार्ड गेले की, विक्रमी हंगाम सामन्यामागे १४ च्या आसपास येऊन थांबतो. हे अनेकांना पटत नाही, कारण त्याची सरळ ताठ धावण्याची ढब ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या मनात तो फार उंचावर असतो. माझ्याही आहे. पण कार्डावर फंबलचा रकाना असतो आणि तो वाचावा लागतो.

टचडाउनना इतके कमी महत्त्व का?

लाडेनियन टॉमलिन्सनने २००६ साली धावून २८ आणि झेलून ३, असे ३१ टचडाउन केले, म्हणजे इतक्या वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे पोहोचवला. तो विक्रम आहे आणि त्या हंगामातील १,८१५ यार्डही मोठेच आहेत. तथापि बहुतेक टचडाउन गोलरेषेजवळून होतात, आणि तेथवर चेंडू कोणी आणला व तेथे चेंडू कोणाला दिला, यावर ते अवलंबून असतात. आम्ही गोलरेषेजवळच्या यशासाठी लहानशी भर घालतो, त्यापलीकडे नाही. फँटसी लीगमध्ये प्रत्येक टचडाउनला सहा गुण मिळतात, त्यामुळे तिकडून आलेल्या सभासदांना हे सुरुवातीला खटकते.

जुन्या काळचे बचावपटू कमकुवत होते, मग ब्राउन पहिला कसा?

आजचे बचावपटू अधिक वजनदार आणि वेगवान आहेत हे खरे आहे. पण सिम्युलेशनमध्ये प्रत्येक धावकाला त्याच्या काळाच्या तुलनेतच मोजले पाहिजे, अन्यथा १९९० पूर्वीचे कोणतेच कार्ड घेण्यात अर्थ राहणार नाही. ब्राउनने नऊ हंगामांपैकी आठ हंगामांत सर्वाधिक यार्ड केले, ११८ सामन्यांपैकी एकही चुकवला नाही आणि कारकिर्दीची सरासरी कॅरीमागे ५.२ ठेवली. आपल्या काळावर इतके निर्विवाद वर्चस्व दुसऱ्या कोणत्याही धावकाने गाजवलेले नाही.

सिम्पसनच्या नावाबद्दलही काही जण विचारतात. ही क्रमवारी हंगामाची आहे; मैदानाबाहेरच्या आयुष्याचा निवाडा करण्याचे ते ठिकाण नाही.

अनेक वर्षे चालणाऱ्या लीगमध्ये वय आणि श्रम कसे धरावेत?

जेथे खेळाडू वर्षानुवर्षे संघात राहतो, तेथे सत्तावीस-अठ्ठावीसनंतर उतार धरावा. अतिश्रमाबद्दलही सावध राहावे. जमाल अँडरसनने १९९८ साली ४१० कॅरी घेतल्या आणि पुढच्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. लॅरी जॉन्सनने २००६ साली ४१६ कॅरींचा विक्रम केला, आणि पुढच्या वर्षी दुखापतीमुळे तो निम्माच हंगाम खेळू शकला. मात्र याला अटळ नियम मानू नये. डिकरसनने १९८३ मध्ये ३९०, १९८४ मध्ये ३७९ आणि १९८६ मध्ये ४०४ कॅरी घेऊनही तो धावत राहिला.

मॅडन या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधले ९९ पैकी गुण वापरता येतात का?

वेग, चपळाई, टॅकल (पकड) मोडण्याची ताकद असे स्वतंत्र गुण एखाद्या खेळाडूची ढब समजून घेण्यासाठी उपयोगी आहेत. एकूण गुणांवर क्रम लावू नये. ते त्या गेमच्या रचनेसाठी ठरवलेले असतात.

यंदाची क्रमवारी काय आहे, आणि ती सूत्राप्रमाणे का नाही?

पहिला ब्राउन, १९६३. दुसरा सँडर्स, १९९७. सूत्रात फॉक आणि सिम्पसन त्याच्या वर असले, तरी सिम्पसनपुढे ‘इलेक्ट्रिक कंपनी’ या नावाने गाजलेली बफेलोची लाइन होती, आणि फॉकचा संघ त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा होता. सँडर्सने अनेकदा चेंडू हातात येताच दोघांना चुकवून मगच पहिले पाऊल पुढे टाकले. तिसरा फॉक, १९९९. चौथा सिम्पसन, १९७३.

पाचव्या क्रमांकावर मी एड्रियन पीटरसनचा २०१२ चा हंगाम ठेवला आहे, आणि याबाबत मतभेद होणार हे मला मान्य आहे. सूत्रात तो बार्कली आणि हेन्री यांच्याही खाली येतो, कारण ४० झेलांत त्याने २१७ यार्डच केले. पण २४ डिसेंबर २०११ रोजी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता, आणि पुढच्याच हंगामात त्याने २,०९७ यार्ड केले. विक्रम मोडायला ९ यार्ड कमी पडले. त्याच्या मिनेसोटा संघाची पासिंग, म्हणजे चेंडू फेकून पुढे जाण्याची बाजू, इतकी दुबळी होती की, चेंडू त्यालाच मिळणार हे समोरच्या संघाला आधीच ठाऊक असे. दुखापतीतून परतण्याचे गुण मी देत नाही. अडवायला जमलेल्या त्या गर्दीचे देतो. त्याच्यानंतर ख्रिस जॉन्सन २००९, जमाल चार्ल्स २०१०, बार्कली २०२४ आणि हेन्री २०२४ असा क्रम आहे. जॉन्सन आणि चार्ल्स सूत्रात जवळजवळ बरोबरीत आहेत. कॅरींची संख्या मोठी असल्याने जॉन्सनचा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो. दहावा वॉल्टर पेटन, १९७७ : १४ सामन्यांत १,८५२ यार्ड, त्यांपैकी २७५ एकाच दुपारी मिनेसोटाविरुद्ध.

क्रमवारीवर हरकत कशी घ्यावी?

हंगाम, सामने, कॅरी, यार्ड, झेल, झेलांचे यार्ड आणि फंबल एवढे आकडे लिहून पाठवावेत, आणि शक्य असल्यास त्याच संघातील दुसऱ्या धावकाचे आकडेही जोडावेत. दोन वर्षांपूर्वी फॉक माझ्या यादीत सहावा होता, कारण त्याचे यश संघाच्या पासिंगमुळे आले असे मी मानत होतो. तेव्हा एका सभासदाने १९९८ चे आकडे पाठवले. त्या वर्षी फॉक इंडियानापोलिसमध्ये होता, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग पहिल्याच हंगामात होता, संघाने १६ पैकी ३ सामने जिंकले होते. तरीही फॉकने धावून १,३१९ आणि झेलून ९०८ यार्ड केले होते. त्याच रात्री मी त्याला तिसऱ्या क्रमांकावर नेले.